अर्थशास्त्राचा पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवायची कशी

"पाचव्याला काय लिवलास?" "बी." "मी सी लिवलोय की!" गेटबाहेरची जुळवाजुळव बहुतेक वेळा एवढ्यावरच संपते आणि दोघंही आधीपेक्षा जास्त गोंधळून घरी जातात. अक्षर जुळलं म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही, जुळलं नाही म्हणून चूकही ठरत नाही. त्या अक्षरामागचं कारण जुळवलं, तरच आपल्याला किती मार्क पडणार याचा अंदाज येतो आणि पुढच्या परीक्षेसाठी काही हाती लागतं.

इथे मुख्यतः कर्नाटकच्या पीयूसी द्वितीय वर्षाचं (म्हणजे बारावीचं) अर्थशास्त्र धरलं आहे: लेखी ८०, अंतर्गत २०. पेपरात एकेका मार्काचे प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेचे असतात: योग्य पर्याय निवडा, गाळलेल्या जागा भरा, जोड्या जुळवा, एका वाक्यात उत्तर द्या. जुळवाजुळव प्रामुख्याने यांचीच होते. दहावीच्या समाजविज्ञानात अर्थशास्त्राचा भाग लहान असतो, पण रीत तीच.

आधी एकट्याने लिहून काढा

पेपर सुटल्यावर कोणाशी बोलण्याआधी आपली उत्तरं लिहून काढायची. खानापूरच्या किंवा निपाणीच्या बसमध्ये बसल्यावर, नाहीतर कॉलेजच्या कट्ट्यावर, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हे आधीच करायचं कारण साधं आहे. एखाद्या हुशार मैत्रिणीने ठामपणे "सीच" म्हटलं की आपणही सीच लिहिलं होतं असं वाटू लागतं. अर्ध्या तासाने आपण खरोखर काय लिहिलं होतं ते आठवेनासं होतं, आणि मग मोजणीला अर्थ राहत नाही.

परीक्षा चालू असताना प्रश्नपत्रिकेवर उत्तरांच्या खुणा करू नका. पर्यवेक्षकांना वेगळाच संशय येतो आणि उगाच कटकट मागे लागते. बाहेर आल्यावर वहीच्या कागदावर चार रकाने पाडा: प्रश्नाचा क्रमांक, लिहिलेलं उत्तर, किती खात्री, आणि कारण. उत्तराच्या रकान्यात नुसतं "बी" नको, "बी, स्थिर खर्च" असं पूर्ण लिहा. उत्तरपत्रिकेतही अक्षर आणि मजकूर दोन्ही लिहिण्याची सवय हवी. दहावीच्या पेपरात तशी सूचनाच असते. अक्षर एक आणि मजकूर दुसऱ्या पर्यायाचा असं घाईत झालं असेल, तर तेही इथे प्रामाणिकपणे नोंदवा, कारण तो मार्क धोक्यात आहे. उत्तर खोडून दुसरं लिहिलं असेल तर तीही नोंद करा. काही विषयांच्या पेपरवर एका मार्काच्या प्रश्नांना पहिल्यांदा लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरलं जाईल, अशी सूचना छापलेली असते. आपल्या प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचना त्यासाठी पुन्हा वाचून घ्या.

खात्रीच्या रकान्यात तीनच खुणा पुरतात: "प" म्हणजे पक्कं, "अ" म्हणजे अर्धवट, "ठ" म्हणजे ठोकून दिलं. कारण दोन-चार शब्दांत. कारण सुचत नसेल तर रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना पुढे फार उपयोगी पडतो.

दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर इथेच थांबा. कागद घडी करून अर्थशास्त्राच्या पुस्तकात ठेवून द्या आणि पुढचा विषय हातात घ्या. दोन मार्कांच्या वादात अख्खी संध्याकाळ घालवून दुसऱ्या विषयाचे दहा मार्क गमावणारी मुलं दर वर्षी असतात. लिहून ठेवलेलं उत्तर कुठे जात नाही.

कोणाबरोबर जुळवायचं

तिघं-चौघं पुरे. दहा-बारा जणांच्या घोळक्यात ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर बरोबर ठरतं. चौघांत एक तरी दुसऱ्या कॉलेजचा किंवा दुसऱ्या शिकवणीचा असू द्या. एकाच सरांच्या नोट्स पाठ केलेल्या चौघांचं उत्तर एकसारखं आलं, तर त्यावरून एवढंच कळतं की नोट्स एक होत्या. नोट्समध्ये चूक असेल तर चौघंही एकदम चुकतात आणि कोणालाच शंका येत नाही.

आपल्या बेळगावकडच्या सीमाभागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं पीयूसीला कोणी इंग्रजीत पेपर लिहितात, कोणी कन्नडमध्ये. प्रश्नपत्रिकेत कन्नड आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्या असतात. म्हणून जुळवताना आठवणीतून प्रश्न सांगू नका, प्रश्नपत्रिका मध्ये ठेवा आणि दोन्ही आवृत्त्यांतली ओळ वाचा. एक जण इंग्रजीत डिमांड म्हणतो, दुसरा कन्नडमध्ये बेडिके, आणि दोघांच्या डोक्यात मागणीच असते. पण "मागणी" (अख्खा वक्र) आणि "मागणीचं परिमाण" (एका ठरावीक किमतीला घेतले जाणारे नग) यांतला फरक या भाषांतराच्या धांदलीत हमखास निसटतो. दोन आवृत्त्यांत खरोखर अर्थाचा फरक दिसला, तर दोन्ही ओळी जशाच्या तशा उतरवून ठेवा. पुढे हरकत घ्यायला तो सगळ्यात भक्कम पुरावा असतो.

चंदगड, गडहिंग्लज, कागलकडच्या मामेभाऊ-मावसबहिणींचा पेपर महाराष्ट्र मंडळाचा. मराठीत अर्थशास्त्र समजावणारे बहुतेक व्हिडिओही त्याच अभ्यासक्रमाचे. संकल्पना समजून घ्यायला ते चांगले आहेत, उत्तर ठरवायला नाहीत. त्यांच्या बारावीत निर्देशांकांचं प्रकरण आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे उत्पन्न निश्चिती आणि गुणक (खर्च वाढला की उत्पन्न किती पट वाढतं तो आकडा) आहे, तो त्यांच्या पुस्तकात सापडणार नाही. आपल्या पेपराचा निवाडा आपल्याच पुस्तकावर करायचा. कर्नाटकात ही पुस्तकं एनसीईआरटीच्या सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राच्या धर्तीवर आहेत.

जुळवताना आधी सगळे क्रमाने आपापली उत्तरं वाचा, मध्ये वाद नको. जिथे चौघांचं एक आहे आणि किमान दोघांच्या कारणाच्या रकान्यात एकच कारण आहे, तो प्रश्न सोडून द्या. उत्तर एकच पण कारण कोणाकडेच नाही, असे प्रश्न मात्र बाजूला काढा. ज्यांची उत्तरं वेगळी आली, त्यांच्याबद्दल आधी कारण सांगा, मग पुस्तक उघडा. मतदान करू नका. तिघं विरुद्ध एक असताना तो एकटाच बरोबर असल्याचं आकडेमोडीच्या प्रश्नांत वारंवार दिसतं, कारण चुकीची ठरावीक वाट सगळ्यांना सारखीच मोहात पाडते. पर्याय काढणारे शिक्षक नेमकं त्या वाटेवरचं उत्तर पर्यायांत ठेवतात.

वाद होतात ती ठिकाणं

सगळ्यात जास्त भांडण मागणी वक्रावर. रताळ्याचा भाव उतरला म्हणून बेळगावच्या बाजारात गिऱ्हाईक जास्त घेऊ लागलं, तर ती त्याच वक्रावरची हालचाल. भाव तोच असताना आषाढी एकादशी आली म्हणून खप वाढला, तर अख्खा वक्र उजवीकडे सरकतो. प्रश्नात वस्तूची स्वतःची किंमत बदलली आहे का, एवढंच पाहा. ती बदलली तर वक्रावर हालचाल. उत्पन्न, आवडनिवड, दुसऱ्या वस्तूची किंमत यांतलं काही बदललं तर वक्र सरकतो. दुसऱ्या वस्तूचा प्रश्न असेल तर चहा-साखर पूरक आणि चहा-कॉफी पर्यायी. कॉफी महागली तर चहाची मागणी वाढते, साखर महागली तर चहाची मागणी घटते.

लवचिकतेत, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते त्यात, आकडे येतात. किंमत ४० वरून ४४ झाली आणि मागणी ५० वरून ४८ वर आली, तर किंमत १० टक्क्यांनी वाढली, मागणी ४ टक्क्यांनी घटली, लवचिकता ०.४. काही जण नव्या आकड्याने भागतात: ४ भागिले ४४, २ भागिले ४८, आणि उत्तर ०.४६ च्या आसपास येतं. टक्केवारी काढताना मूळ किंमत आणि मूळ मागणी पायाला धरायची. ताळा करायला खर्च काढा: आधी २०००, नंतर २११२. किंमत वाढूनही एकूण खर्च वाढला, म्हणजे मागणी कमी लवचिक. ०.४ याच्याशी जुळतं. आकृतीवरचा प्रश्न असेल तर उभी रेषा शून्य, आडवी रेषा अनंत, आणि सरळ उतरत्या रेषेच्या मध्यबिंदूवर एक. सरळ रेषेवर सगळीकडे लवचिकता सारखी असते हा समज चुकीचा आहे. रेषेचा उतार सारखा असतो, लवचिकता बिंदूगणिक बदलते.

अर्थसंकल्प रेषेच्या (ठरावीक उत्पन्नात दोन वस्तूंचे किती नग घेता येतात ते दाखवणाऱ्या रेषेच्या) उतारात उलटासुलटपणा होतो. उत्पन्न १००, पहिली वस्तू १० रुपये, दुसरी २० रुपये. आडव्या अक्षावर पहिली वस्तू, उभ्यावर दुसरी. उतार म्हणजे पहिलीची किंमत भागिले दुसरीची, उणे चिन्हासह, म्हणजे उणे ०.५. ज्यांनी उणे २ लिहिलं त्यांनी भागाकार उलटा केला. अक्षांवरचे छेद काढले की लगेच कळतं: सगळे पैसे पहिलीवर घातले तर १० नग, दुसरीवर घातले तर ५. उभे ५, आडवे १०, उतार अर्धाच येणार.

खर्चाच्या प्रकरणात "उत्पादन शून्य असताना एकूण खर्च किती" यावर नेहमी दोन गट पडतात. एकूण खर्च शून्य होत नाही, तो एकूण स्थिर खर्चाएवढा असतो. शून्य होतो तो बदलता खर्च. दुसरा वाद सीमांत खर्चाचा, म्हणजे आणखी एक नग बनवायला लागणाऱ्या जादा खर्चाचा. स्थिर खर्च ६० आहे, तीन नगांना बदलता खर्च ९० आहे, तर एकूण १५०, सरासरी खर्च ५०, सरासरी बदलता ३०, सरासरी स्थिर २०. चौथा नग तयार केल्यावर एकूण खर्च १७० झाला तर सीमांत खर्च २०. स्थिर खर्च ६० ऐवजी ६०० असता तरी हा २० बदलला नसता. वक्रांवर विचारलं तर सीमांत खर्चाचा वक्र सरासरी खर्चाला आणि सरासरी बदलत्या खर्चाला, दोघांनाही त्यांच्या सर्वांत खालच्या बिंदूत छेदतो. सरासरी स्थिर खर्चाचा वक्र अक्षाला कधीच टेकत नाही.

पूर्ण स्पर्धेत नफा जास्तीत जास्त कधी होतो, या प्रश्नात एकाने "किंमत बरोबर सीमांत खर्च" लिहिलेलं असतं, दुसऱ्याने "सीमांत उत्पन्न बरोबर सीमांत खर्च". पूर्ण स्पर्धेत किंमत आणि सीमांत उत्पन्न एकच, म्हणून दोन्ही खरं. पर्यायांत दोन्ही दिसत असतील तर प्रश्नात "पूर्ण स्पर्धा" आहे की कोणतीही उत्पादनसंस्था, ते पुन्हा वाचा. मक्तेदारीत पहिलं विधान टिकत नाही, दुसरं टिकतं.

किमतीच्या कमाल आणि किमान मर्यादेत घोळ होतो. उसाला केंद्र सरकार एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) ठरवतं ती किमान मर्यादा, तिच्या खाली भाव देता येत नाही. अशी मर्यादा समतोल किमतीच्या वर असेल तर अतिरिक्त पुरवठा होतो. रेशनवरची नियंत्रित किंमत ही कमाल मर्यादा, ती समतोलाच्या खाली असेल तर अतिरिक्त मागणी. "किमान" ऐकलं की डोळ्यांपुढे खालची रेषा येते, पण परिणाम घडवणारी किमान किंमत आकृतीत समतोलाच्या वर असते.

राष्ट्रीय उत्पन्नात वजाबाकी-बेरजेची दिशा चुकते. समजा बाजारभावाने स्थूल देशांतर्गत उत्पादन ९००, घसारा ६०, परदेशातून मिळालेलं निव्वळ घटक उत्पन्न उणे २०, अप्रत्यक्ष कर ८०, अनुदानं १०. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे घटक खर्चाने निव्वळ राष्ट्रीय उत्पादन. ९०० मधून २० गेले, ८८०. घसारा गेला, ८२०. निव्वळ अप्रत्यक्ष कर ८० उणे १०, म्हणजे ७०, तोही गेला, ७५०. मित्राचं उत्तर ७९० आलं असेल तर त्याने उणे २० ऐवजी अधिक २० धरले. ७४० आलं तर अनुदान विसरला. ७३० आलं तर अनुदानही वजा केलं. मित्राची चूक अशी उत्तरावरून ओळखता आली की वाद मिनिटभरात मिटतो, आणि त्याला ती चूक पुन्हा होत नाही.

मूल्यवर्धनातही तसंच. गवळ्याने मिठाईवाल्याला ४०० चं दूध विकलं, त्याने त्याचा १००० चा कुंदा करून विकला. देशाच्या उत्पादनात भर १००० ची, १४०० ची नाही. गवळ्याची भर ४०० (त्याने विकत घेतलेलं काही नाही असं धरून), मिठाईवाल्याची ६००. घरी चहाला घेतलेलं दूध अंतिम वस्तू, कुंद्यासाठी घेतलेलं मध्यवर्ती. वस्तू तीच, वापर वेगळा, म्हणून "दूध ही मध्यवर्ती वस्तू आहे" असं विधान वापर सांगितल्याशिवाय बरोबर धरता येत नाही.

गुणकात १ भागिले ०.८ करून १.२५ लिहिणारे प्रत्येक वर्गात असतात. सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढलेल्या उत्पन्नातला खर्च होणारा हिस्सा) ०.८ असेल तर गुणक १ भागिले ०.२, म्हणजे ५. स्वायत्त खर्च ४० ने वाढला तर उत्पन्न २०० ने वाढतं. कर गुणक विचारला असेल तर उणे ४. तो ५ नसतो, कारण कराचा पहिला धक्का खर्चाला ०.८ पटच बसतो.

बँकेच्या पतनिर्मितीत दोघांची उत्तरं वेगळी असून दोघांचंही गणित बरोबर असू शकतं. राखीव प्रमाण (ठेवीतला बँकेला बाजूला ठेवावा लागणारा भाग) १० टक्के, सुरुवातीची ठेव १०००. एकूण ठेवी १०,०००, एकूण कर्ज ९०००. प्रश्नात "ठेवी" आहे की "कर्ज", त्यावर सगळं अवलंबून. एक रुपयाच्या नोटेचा वाद तर जुनाच आहे: ती भारत सरकार काढतं, बाकीच्या नोटा रिझर्व्ह बँक. नाणीही सरकारची. रिझर्व्ह बँकेची स्थापना १९३५, राष्ट्रीयीकरण १९४९. जोड्यांमध्ये ही दोन वर्षं एकमेकांच्या जागी जातात.

अर्थसंकल्पातल्या तुटी. एकूण खर्च ५००, त्यातला महसुली ३८०. महसुली जमा ३२०, कर्जवसुली १५, निर्गुंतवणूक २५, नवं कर्ज १४०, व्याज ९०. महसुली तूट ३८० उणे ३२०, म्हणजे ६०. राजकोषीय तूट काढताना कर्ज वगळून बाकीच्या सगळ्या जमा वजा करायच्या: ५०० उणे ३६०, म्हणजे १४०, नेमकी नव्या कर्जाएवढी. १८० आलं असेल तर वसुली आणि निर्गुंतवणूक राहून गेली. शून्य आलं असेल तर कर्जही जमेत धरलं गेलं. प्राथमिक तूट १४० उणे ९०, म्हणजे ५०.

परदेशी व्यापारात दुबईहून घरी आलेले पैसे चालू खात्यात, परदेशी कंपनीने इथे काढलेल्या कारखान्याची गुंतवणूक भांडवली खात्यात. बाजारात रुपया उतरला तर त्याला घसरण (डेप्रिसिएशन) म्हणायचं, स्थिर विनिमय दर असताना सरकारने रुपयाचं मूल्य कमी केलं तर अवमूल्यन (डिव्हॅल्युएशन).

जोड्या जुळवा हा प्रकार वेगळ्या रीतीने तपासायचा. एक जोडी चुकली की तिची जागा घेतलेली दुसरीही चुकते, म्हणून पाचपैकी चार बरोबर असं सहसा होत नाही, तीन किंवा पाच होतात. गाळलेल्या जागांसाठी कंसात मोजकेच शब्द दिलेले असतील तर तिथेही तेच.

मार्कांची मोजणी

एकच आकडा काढू नका. समजा एकेका मार्काचे २० प्रश्न आहेत. १३ पुस्तकाशी पडताळून पक्के, ३ नक्की चूक, ४ लटकलेले. मग तुमचे मार्क १३ ते १७. घरी विचारलं तर १३ सांगा. लटकलेल्यांपैकी जिथे दोन पर्याय आधीच बाद केले होते तिथे अर्धी शक्यता धरता येते. चारही पर्यायांतून ठोकून दिलं असेल तर पावच. मंडळाच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे ठोकून दिल्याची खंत नको. पुढे सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा) द्यायची असेल तर मात्र सवय बदला, तिथे बरोबर उत्तराला ५ आणि चुकीला उणे १.

मोजणीपेक्षा महत्त्वाचं काम पुढे आहे. "प" लिहून चुकलेले प्रश्न वेगळे काढा. खात्री होती आणि तरीही चुकलं, म्हणजे संकल्पनाच उलटी बसली आहे, आणि त्याच प्रकरणावरचं सहा मार्कांचं उत्तरही डळमळीत असण्याचा संभव आहे. "ठ" लिहून बरोबर आलेले प्रश्न दुसरे, तो मार्क आज पडला, पुढच्या वेळी पडेलच असं नाही. एक्झाम २ ला, म्हणजे मंडळाच्या त्याच वर्षीच्या दुसऱ्या परीक्षेला, पुन्हा बसायचं असेल तर अभ्यास या दोन याद्यांपासून सुरू करा.

ज्याचा पेपर वाईट गेला आहे आणि ज्याला बोलायचं नाही, त्याला ओढू नका. पोर गप्प बसलंय तर बसू द्यावं. पालकांनीही बसमधून उतरल्या उतरल्या "किती येतील?" विचारण्यापेक्षा जेवू घालावं.

की आन्सर आल्यावर

पेपर सुटल्यापासून तासा-दोन तासांत व्हॉट्सॲपवर कोणाच्या तरी हस्ताक्षरातली की (बरोबर उत्तरांची यादी) फिरू लागते. शिकवणीवाले, गाईडवाले, यूट्यूबवाले सगळे आपापली की टाकतात. त्यातल्या बऱ्याच घाईत केलेल्या असतात. तिच्याशी जुळवायचं असेल तर खुशाल जुळवा, पण लटकलेला प्रश्न तिच्यावरून निकालात काढू नका. ग्राह्य की एकच: कर्नाटक शाळा परीक्षा आणि मूल्यनिर्णय मंडळाची, मंडळाच्या संकेतस्थळावर विषयवार मिळणारी. ती उतरवून घेताना विषय, वर्ष आणि एक्झाम १ की २ ते आधी पाहा. गेल्या वर्षीची की यंदाची म्हणून फिरवली जाते.

की वर हरकत घ्यायची असेल तर मुदत थोडी असते, म्हणून आधीचा कागद हाताशी हवा. एका प्रश्नाला एक हरकत. तिच्यात विषय, प्रश्न क्रमांक, कन्नड की इंग्रजी आवृत्ती, की काय म्हणते, काय असायला हवं, आणि पाठ्यपुस्तकातलं प्रकरण व पान. पानाचा स्वच्छ फोटो सोबत. गाईडचं पान पुरावा म्हणून जोडू नका, त्याला किंमत नाही. मजकूर इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहा. आपलं मराठी कितीही नेमकं असलं तरी तपासणाऱ्याच्या हाती जे वाचता येईल ते पडलं पाहिजे. कन्नड लिहायला अडचण असेल तर कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा, दोन ओळींचं काम आहे. "आमच्या सरांनी असं शिकवलं" हे कारण चालत नाही. "प्रश्नातल्या माहितीवरून दोन पर्याय बरोबर ठरतात, कारण..." हे चालतं.

निकालानंतर

निकालाचा आकडा आपल्या खालच्या अंदाजापेक्षाही बराच कमी आला, तर आधी उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत मागवा. सरळ पुनर्मूल्यांकनाकडे धावू नका. प्रत हातात आली की आपला जुना कागद शेजारी ठेवा आणि एका मार्काचे प्रश्न एकेक करून पाहा: प्रत्येकावर बरोबरची किंवा चुकीची खूण आहे का, एखादं उत्तर मागच्या पानावर गेल्याने न तपासता राहिलं का, आतले मार्क आणि पहिल्या पानावरची बेरीज जुळते का. आतले मार्क बरोबर पण बेरीज चुकलेली असेल तर फेरबेरजेचा अर्ज. उत्तर की शी जुळतं तरी शून्य दिलं असेल, किंवा उत्तर तपासलंच नसेल, तर पुनर्मूल्यांकनाचा. शुल्क लागतं का आणि शेवटची तारीख कोणती, ते त्या वर्षीच्या परिपत्रकात पाहायचं. मुदत संपल्यावर कॉलेजच्या ऑफिसात कितीही विनवण्या केल्या तरी क्लार्कच्या हातात काही नसतं, म्हणून स्कॅन प्रत आली त्याच दिवशी ती तपासायला बसा.